हेडफोनचा आवाज ‘नैसर्गिक’ की ‘न्यूट्रल’: कानाने पारखायचं कसं?

एकाच हेडफोनला एकजण ‘अगदी न्यूट्रल’ म्हणतो, दुसरा ‘रुक्ष’, तिसरा ‘दबका’. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. एकाने आवाज मोठा ठेवलेला असतो, दुसऱ्याच्या चष्म्याच्या काडीपाशी बेस गळत असतो, तिसरा तासभर आधी भलताच हेडफोन लावून बसलेला असतो. हेडफोनचा दोष म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं बसवणं, पातळी आणि आधी काय ऐकलं या तीन गोष्टींचं असतं. म्हणून इथली निम्मी पावलं ऐकायला बसण्याआधीची आहेत. ती गाळून थेट सहाव्या पावलावर उडी मारलीत तर नोंदी भरपूर होतील, पण त्या हेडफोनविषयीच्या असतील याची खात्री नाही.

हाताशी काय हवं

- पारखायचा हेडफोन, आणि तुलनेसाठी तुमच्या कानाला सवयीचा झालेला दुसरा एखादा
- ओळखीच्या २ माणसांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री (पाऊल ५)
- ५-६ साधी ध्वनिमुद्रणं: एकटा गळा, पियानो, तानपुरा, तबला, व्हायोलिन, आणि एक भरगच्च वाद्यमेळ
- पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखा जोर असलेला सलग खरखराट), ५० हर्ट्झचा सलग सूर आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर). ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं पाच मिनिटांत तयार होतं.
- पॅरामेट्रिक इक्वलायझर, म्हणजे हव्या त्या पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ पुरेसा आहे.
- कागद-पेन्सिल. फोनवर नोंदी घ्यायला गेलात की सूचना येतात आणि लक्ष उडतं.

## १. दोन शब्दांची गल्लत आधी सोडवा

न्यूट्रल म्हणजे ध्वनिमुद्रणात जे आहे त्यात हेडफोनने स्वतःची भर घालायची नाही आणि काही खायचंही नाही. नैसर्गिक म्हणजे ऐकू आलेला गळा किंवा वाद्य प्रत्यक्षातल्यासारखं वाटणं. पहिल्याची तुलना मूळ मुद्रणाशी असते, दुसऱ्याची तुमच्या आठवणीतल्या आवाजाशी.

त्यामुळे हे दोन्ही गुण एकत्र येतीलच असं नाही. कर्कश मुद्रण न्यूट्रल हेडफोनवर कर्कशच वाजायला हवं. ते गोड वाटलं तर हेडफोन नैसर्गिक असल्याचं सिद्ध होत नाही, त्याने वरचा पट्टा दाबलाय एवढंच कळतं. शिवाय ते मुद्रण ज्या स्पीकरवर मिक्स झालं तो कसा होता, हे आपल्याला माहीत नसतं. या गुंत्याला ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी ‘सर्कल ऑफ कन्फ्यूजन’ असं नाव दिलं: मुद्रणावरून उपकरण पारखायचं आणि मुद्रण झालं ते दुसऱ्याच उपकरणावर ऐकून. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे एकाच गाण्यावरून निकाल न देणं. दहा वेगवेगळ्या मुद्रणांत एकच खोड पुन्हा पुन्हा दिसली तर ती हेडफोनची. एखाद-दुसऱ्यातच दिसली तर मुद्रणाची.

## २. हेडफोन नीट बसवा

बेसबद्दलच्या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण गळती आहे. कप आणि गाल यांच्यात, किंवा इन-इअरची टिप (कानात जाणारं मऊ टोक) आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी १००-२०० हर्ट्झच्या खालचा भाग पातळ होतो. मग तोच हेडफोन ‘स्वच्छ पण निर्जीव’ ठरतो.

तपासायची रीत अशी. ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी अलगद दाबा. बेस ठळक वाढला तर गळती आहे. चष्मा काढून पुन्हा बघा, कपाखाली अडकलेले केस बाजूला करा, हेडबँड एक खाच खाली घ्या. ओपन-बॅक (मागून उघड्या कपांच्या) हेडफोनमध्ये दाबल्यावर थोडा फरक पडणारच. बंद कपाच्या हेडफोनमध्ये तो जवळजवळ शून्य हवा.

इन-इअरसाठी सगळ्या मापांच्या टिप लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागतं हा गैरसमज आहे, डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी असं सर्रास असतं. जबडा हलवल्यावर आवाज बदलत असेल तर टिप चुकीची.

इअरपॅड जुने झाले असतील तर पारख पुढे ढकला. फोम बसला की ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) कानाच्या जवळ येतो आणि बेस-ट्रेबल दोन्हींचा तोल ढळतो. आणि बदली पॅड घेताना ‘बसतोय ना’ एवढं पुरत नाही. जाडी, छिद्रं आणि वरचं कापड वेगळं असलं की हेडफोन वेगळाच वाजतो. मखमली पॅडच्या जागी चामड्याचा पॅड लावून मग हेडफोनला नावं ठेवणारे कमी नाहीत.

## ३. आवाजाची पातळी बांधा

दोन हेडफोनमध्ये १ डेसिबलचा फरक असला तर मोठा असलेला ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. खरी फसगत इथेच होते. त्यातच हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे पातळी बदलली की बेस आणि बाकीचा आवाज यांचा तोलही बदलला.

एकटा हेडफोन पारखताना बोलण्याचं मुद्रण लावा आणि तो माणूस समोर एक मीटरवर बसून बोलतोय इतपत आवाज ठेवा. साध्या संभाषणाची पातळी तेवढ्या अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असते. संगीतासाठी ७०-७५ डेसिबल भरपूर झाले. त्याहून मोठ्याने ऐकलं की सगळेच हेडफोन चांगले वाटू लागतात आणि अर्ध्या तासात कान थकतो. (प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, तेव्हा काळजीचं कारण वेगळंही आहे.)

दोन हेडफोनची तुलना करताना गाणं लावून पातळी जुळवू नका. एकात बेस जास्त असला की जुळवणी बिघडते. पिंक नॉइजचा ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच तुकडा गाळून घ्या आणि तो दोन्हींवर सारखा वाटेपर्यंत आवाज फिरवा. तीनदा करा आणि मधला आकडा धरा.

## ४. मागची साखळी साफ करा

फोनमधले आणि संगणकातले बेस बूस्ट, स्पेशियल ऑडिओ, ‘तुमच्या कानांनुसार आवाज’ वगैरे सगळे पर्याय बंद करा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन असेल तर तो चालू असताना, बंद असताना आणि वायरवर असे तीन वेगळे हेडफोन समजा, कारण बऱ्याच मॉडेलांत तिन्ही वेळा तोल बदलतो. ब्लूटूथ कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) मात्र डोकेफोड करू नका. एसबीसी आणि एलडॅक यांच्यातला फरक हेडफोनच्या ट्यूनिंगपुढे किरकोळ असतो.

ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला त्याच्याकडून होणारा विरोध, बघायला विसरू नका. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा तो कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. कारण हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. समजा, बॅलन्स्ड आर्मेचरच्या (एका प्रकारच्या छोट्या ड्रायव्हरच्या) एखाद्या इन-इअरचा इम्पिडन्स एका ठिकाणी १० आणि दुसऱ्या ठिकाणी ४० ओहम आहे. १० ओहमच्या ॲम्पवर पहिल्या ठिकाणी निम्मा व्होल्टेज पोचतो, दुसऱ्या ठिकाणी ८० टक्के. हा तब्बल ४ डेसिबलचा फरक ॲम्पने घातला, आणि शिव्या इन-इअरला. ३०० ओहमच्या डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणाऱ्या) हेडफोनचा इम्पिडन्स खर्जात ५०० पर्यंत चढत असेल, तर १२० ओहमच्या ॲम्पवर तिथे सुमारे १ डेसिबलचा फुगवटा येतो. तो ऐकायला गोड लागतो, पण हेडफोनचा नसतो.

## ५. संदर्भाचा आवाज घरीच तयार करा

तुमच्या आवडत्या गायकाचा गळा प्रत्यक्षात कसा आहे, हे तुम्हाला बहुतेक माहीत नसतं. तुम्ही ऐकलेला असतो तो मायक्रोफोन, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब यांतून आलेला गळा. घरातल्या माणसाचा आवाज मात्र कान झोपेतही ओळखतो. त्याच्याइतकं चांगलं मोजमाप विकत मिळत नाही.

पडदे, गाद्या असलेल्या खोलीत मुद्रण करा, म्हणजे आवाज घुमणार नाही. अंतर ४०-५० सेंटीमीटर ठेवा. दिशादर्शी मायक्रोफोन तोंडाजवळ धरला तर खालचा पट्टा आपोआप फुगतो आणि सगळेच निवेदकासारखे भरदार वाटू लागतात. फोनवर मुद्रण करत असाल तर आवाजातली खरखर काढणारा पर्याय बंद करा आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा.

वाचायला काय द्यायचं? मराठीत याची एक आयती सोय आहे. ‘चमचा’मधला शेवटचा च आणि ‘चमचे’मधला शेवटचा च लिहायला एकच, पण उच्चारायला वेगळे: पहिला दंत्य, दुसरा तालव्य. दंत्य च, झ यांचा घर्षणाचा भाग स च्या पट्ट्यात, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर असतो. तालव्य च श च्या जवळ जातो, तो त्याहून खाली. म्हणून असं काहीतरी वाचायला द्या: ‘सकाळी एक चमचा घासला, संध्याकाळी सगळे चमचे शोधले, झाडावर चिमण्या, चांदण्यात शेत.’ चांगल्या हेडफोनवर दोन्ही च स्वच्छ वेगळे पडतात. ६-८ किलोहर्ट्झला उंचवटा असेल तर तालव्य च धारदार होऊन दंत्याकडे झुकतो आणि स ला शिट्टी येते. तोच पट्टा दबलेला असेल तर चांदणंसुद्धा बोबडं वाटतं.

एक सापळा: स्वतःचा आवाज वापरू नका. आपलं बोलणं आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतं. त्यामुळे मुद्रित आवाज कोणत्याही हेडफोनवर पातळ आणि परका वाटणारच.

## ६. पट्ट्यापट्ट्याने ऐका

२० ते ६० हर्ट्झ. इथे ऐकण्यापेक्षा जाणवणं जास्त. पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झ, बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१. ओपन-बॅक डायनॅमिक हेडफोन इथे हात आखडता घेतात. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासून नैसर्गिक मध्यपट्ट्यासाठी वाखाणला जातो, पण तोही इथे उतरतो. म्हणजे तो तंतोतंत न्यूट्रल नाही. गळा ऐकणाऱ्याला याचं काही वाटत नाही, ऑर्गन ऐकणाऱ्याला वाटेल.

६० ते २०० हर्ट्झ. डग्ग्याची घुम आणि पुरुषी आवाजाचा पाया. डग्ग्यावर मींड घेतली की सूर वर सरकताना सलग ऐकू यायला हवा. मध्येच एका ठिकाणी तो फुगून पुढे येत असेल तर तिथे उंचवटा आहे. थाप पडल्यावर घुम लांबत असेल आणि पुढच्या बोलावर सांडत असेल, तर हा पट्टा जास्त आहे.

२०० ते ५०० हर्ट्झ. आवाजाची छाती. बंद कपांमध्ये बहुतेक गोंधळ इथे होतो, कारण कपातून परतणारा आवाज याच भागात साचतो. जास्त झालं की माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, कमी झालं की सर्दी नुकतीच उतरल्यासारखा पोकळ. ‘मिड्स (मधला पट्टा) मागे आहेत’ असं लिहिण्याआधी एक प्रयोग करा: इक्वलायझरने २०० हर्ट्झपाशी ३ डेसिबल कमी करा. गळा पुढे आला तर मिड्स मुळात ठीकच होते, बेसने त्यांना झाकलं होतं. नवख्यांच्या नोंदींत ही चूक हमखास सापडते, आणि जुन्या जाणत्यांच्याही.

५०० ते १५०० हर्ट्झ. इथला बिघाड कान लगेच पकडतो. १ किलोहर्ट्झपाशी उंचवटा असला की गळा नाकातून येतो, व्हायोलिन सनईकडे झुकतं.

२ ते ४ किलोहर्ट्झ. सगळे वाद इथले. कानाची पाळी आणि नळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पडद्यापर्यंत पोचेतो १० डेसिबलहून जास्त वाढवतात. समोर बसलेल्या माणसाचा आवाजही असाच वाढून येतो आणि मेंदू त्यालाच ‘सरळ’ समजतो. हेडफोन कानाच्या नेहमीच्या वाटेला बगल देतो, इन-इअर तर थेट नळीतच शिरतो. म्हणून ही वाढ हेडफोनला स्वतः घालावी लागते. कमी घातली तर गळा पडद्याआडून येतो, जास्त घातली तर अंगावर ओरडतो. आणि प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असल्याने किती वाढ पुरेशी, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. दोन प्रामाणिक श्रोत्यांचं एकाच हेडफोनवर पटत नाही ते बहुधा इथेच.

५ ते ९ किलोहर्ट्झ. स, श, झांज, आणि तानपुऱ्याची जवारी. जवारीचे वरचे स्वर तारेच्या मूळ सुरातून उमलल्यासारखे वाटायला हवेत. ते तारेपासून सुटून वेगळे चमकायला लागले तर हा पट्टा चढा आहे. पहिल्या पाच मिनिटांत यालाच ‘डिटेल’ म्हटलं जातं, तासाभराने कान खाल्ले जातात.

१० किलोहर्ट्झच्या वर. वयानुसार ऐकू येणं कमी होत जातं आणि कप थोडा सरकला तरी आवाज बदलतो. इथल्या नोंदींना फार महत्त्व देऊ नका.

पट्टे पाठ करून कान तयार होत नाही. ओळखीच्या गाण्यावर इक्वलायझरने एकेक पट्टा ४ डेसिबल वाढवा, मग तेवढाच कमी करा आणि काय बिघडलं ते लिहून ठेवा. २५० हर्ट्झ, १, ३ आणि ६ किलोहर्ट्झ ही चार ठिकाणं आधी पक्की करा, क्यू (पट्टा किती रुंद हे ठरवणारा आकडा) १ ठेवा. वाढवताना प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर क्लिपिंगची, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेल्या आवाजाची, फरफर ऐकाल आणि दोष पट्ट्याला द्याल. वाढवलेली जागा कमी केलेल्या जागेपेक्षा लवकर ओळखू येते, हे लक्षात ठेवा. म्हणूनच खड्डे असलेला हेडफोन सहज खपून जातो आणि उंचवटे असलेला पकडला जातो.

## ७. आता सूर आणि स्वीप

पियानोवर खालपासून वरपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवलेलं मुद्रण लावा. एखादा स्वर रांगेतून पुढे उडी मारत असेल तर त्याच्या आसपास उंचवटा आहे. मग स्वीप हळू आवाजात लावा. ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये एखाद-दुसरी टोचणारी जागा सगळ्यांनाच सापडते. इन-इअरमध्ये ८ किलोहर्ट्झपाशी ती बहुधा नळीच्या अनुनादाची असते आणि टिप खोल-उथळ केली की सरकते. सरकली तर ती तुमच्या कानाची आणि बसवण्याची. न सरकणारी हेडफोनची धरा.

पिंक नॉइज शेवटी ऐका. तो धबधब्यासारखा एकसंध वाटावा. त्यात सूर, फुसफुस किंवा ढमढम वेगळी काढता येत असेल तर ती नोंदवा, आणि डाव्या-उजव्यात फरक वाटला तर हेडफोन उलटा घालून खात्री करा. फरकाने बाजू बदलली तर हेडफोनचा, नाही बदलली तर कानाचा.

## ८. तुलना: झटपट आणि निवांत, दोन्ही

आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते. कालचा हेडफोन आणि आजचा हेडफोन यांची मनातल्या मनात केलेली तुलना म्हणजे दोन मनःस्थितींची तुलना. ती १०-१५ सेकंदांच्या एकाच तुकड्यावर, लगोलग करा.

पण झटपट तुलनेलाही खोड आहे. वरचा पट्टा चढा असलेल्या हेडफोननंतर न्यूट्रलही दबका वाटतो, कारण मेंदूने आधीचा तोल गृहीत धरलेला असतो. म्हणून आज अ नंतर ब, उद्या ब नंतर अ. दोन बैठकांच्या मध्ये १५ मिनिटं शांतता, आणि एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. क्रम उलटल्यावरही टिकली तीच नोंद ठेवा. मग एकच हेडफोन आठवडाभर वापरा आणि शेवटी पुन्हा घरातल्या माणसाचं मुद्रण ऐका.

‘बर्न-इन’ने, म्हणजे नवा हेडफोन तासन्‌तास वाजत ठेवल्याने, तो खुलतो असं ऐकाल. पॅड मऊ होऊन डोक्याला बसतात हे खरं, कानाला सवय होते हेही खरं. ड्रायव्हरमध्ये होणारा बदल त्यामानाने सहसा बारीक असतो. १०० तास वाजत ठेवण्यापेक्षा १०० तास ऐका.

## ९. आलेख सगळ्यात शेवटी उघडा

हेडफोन कोणती फ्रिक्वेन्सी किती मोठ्याने वाजवतो ते यंत्राने मोजून काढलेला आलेख आधी बघितला की तिथला प्रत्येक उंचवटा कानाला ऐकू यायला लागतो. नोंदी पूर्ण झाल्यावरच बघा.

न्यूट्रल हेडफोनचा कच्चा (कोणतीही दुरुस्ती न केलेला) आलेख सपाट नसतो. ३ किलोहर्ट्झपाशी त्याला डोंगर असायलाच हवा, कारण वर सांगितलं ते. तो डोंगर किती उंच हवा, यावर वेगवेगळी लक्ष्यं (आदर्श मानलेले आलेख) आहेत. गुंथर थाइले यांनी १९८६ मध्ये डिफ्यूज फील्डचा, म्हणजे सगळ्या दिशांनी सारखा येणारा आवाज कानात जसा पोचतो त्या आलेखाचा, पुरस्कार केला. हारमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन २०१३ पासून हारमन लक्ष्य मांडलं. त्यात चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा खालचा भाग मुद्दाम चढा आहे. म्हणून डिफ्यूज फील्डची सवय असलेल्याला हारमन जड वाटतो आणि उलट बाजूने पाहणाऱ्याला डिफ्यूज फील्ड कोरडा. हारमनच्याच चाचण्यांत प्रशिक्षित श्रोत्यांनी नवख्यांपेक्षा कमी बेस पसंत केला होता.

दोन वेगळ्या यंत्रांवर काढलेले आलेख एकमेकांवर ठेवू नका. आयईसी ६०३१८-४ कपलर (कानाची नक्कल करणारं मापनाचं साधन) आणि ब्रुएल अँड केअरचा ५१२८ हा कृत्रिम माथा एकच हेडफोन वेगळा दाखवतात. अरुंद खड्ड्यांकडे दुर्लक्ष करा. एखाद-दोन सप्तकं व्यापणारा २-३ डेसिबलचा चढ-उतार जास्त ऐकू येतो, जरी कागदावर तो निरुपद्रवी दिसला तरी.

तुमची नोंद आणि आलेख यांत तफावत निघाली तर पट्टा बघून पुढे जा. २०० हर्ट्झच्या खाली असेल तर पाऊल २ पुन्हा करा, बहुतेक वेळा गळतीच निघते. मधल्या पट्ट्यात असेल तर पाऊल ३ आणि ४ तपासा. ३ किलोहर्ट्झपाशी असेल तर इक्वलायझरने तिथे १-१ डेसिबल कमी-जास्त करत, घरातला आवाज ओळखीचा वाटेपर्यंत थांबू नका आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढचा हेडफोन पारखताना तोच आकडा पुन्हा लागला, तर तो तुमच्या कानाचा आहे.